नदीवरच्या सिनेमाची चिरफाड

७ फेब्रुवारी, शुक्रवार

पाहिला एकदाचा. पहिला दिवस, पहिला खेळ. दुकान अर्धा दिवस बंद ठेवलं. चष्मे न्यायला येणाऱ्या दोन गिऱ्हाइकांना उद्या या म्हणून फोन केला. ज्या लढाईचा एकेक कागद मी जन्मभर गोळा करत आलो, तिच्यावर कोणी सिनेमा काढतो म्हटल्यावर मी काय घरी झोपा काढणार होतो?

पण संताप संताप झाला. पहिल्याच दृश्यात अधिकारी दुर्बीण खाली करतो आणि त्याच्या चष्म्याच्या काचांवर हिरवी झाक मारते. अरे बाबांनो, चाळीस वर्षांपूर्वी असल्या, चकाकी टाळणारा लेप दिलेल्या काचा आघाडीवर कोणाच्या नाकावर होत्या? मी चष्मेवाला आहे, निदान या बाबतीत तरी मला उल्लू बनवू नका. शिपायांचे बूट रबरी तळाचे. वायरलेसचा संच मागाहून आलेल्या जातीचा. त्या दिवशी सकाळपासून आभाळ भरलेलं होतं, तीन वेगवेगळ्या लोकांनी तसं लिहून ठेवलंय, आणि इथे सूर्यास्त काय, सोनेरी पाणी काय, विचारू नका. कळस म्हणजे नदी. नदी उत्तरेकडून दक्षिणेकडे जाते, आपले लोक पश्चिम काठावर, तोंड पूर्वेला, तेव्हा ती डावीकडून उजवीकडे वाहायला हवी. सिनेमात ती उजवीकडून डावीकडे वाहते. बूट चुकले तर समजू शकतो, पण अख्खी नदी?

आणि मग ते दृश्य. माघार सुरू आहे, शेवटची होडी थांबली आहे आणि वायरलेसवाला संदेश देत बसलाय. छातीत गोळी लागते. मित्र त्याला मांडीवर घेतो. मागे व्हायोलिन. तो बायकोचं नाव घेतो, हसतो आणि मान टाकतो. थिएटरात मुसमुस सुरू झाली. माझ्या शेजारच्या गृहस्थांनी तर खिशातून भलामोठा रुमाल काढला. मी मात्र दात आवळून बसलो होतो.

त्या तुकडीत वायरलेसवाला एकच होता. तो माझा सख्खा मोठा भाऊ. सिनेमात त्याचं नाव बदललंय, पण तो दादाच.

खरं काय झालं ते मला ठाऊक आहे. तुकडीचा आचारी तीन वर्षांपूर्वी मला सापडला. बरेच हेलपाटे घातल्यावर एकदा बोलला आणि मी ते रेकॉर्ड करून घेतलं. दादाला गोळी कमरेत लागली, होडी त्याला न घेता निघाली, तो पलीकडच्या काठावर राहिला आणि लगेच मेला नाही. आचारी गेल्या वर्षी वारला. अधिकारी तर कधीचाच गेला. तुकडीतलं आता कोणी उरलेलं नाही. घरात हे माहीत असलेला मी एकटा. वहिनींना मी याची कुणकुण लागू दिलेली नाही आणि देणारही नाही. दादा गेला तेव्हा मी तेरा वर्षांचा होतो. मला त्यांनीच वाढवलं, शिकवलं, दुकान काढून दिलं. त्यांच्या मनात दादा झटकन गेला असेल तर तसाच राहू दे.

९ फेब्रुवारी, रविवार

मंडळात आज नुसता कल्ला. आमच्या इतिहास मंडळाची जुनी रीत आहे: युद्धावरचा सिनेमा लागला की आमच्यापैकी एकाने उभं राहून त्याची जाहीर चिरफाड करायची. वाचनालयाच्या वरच्या मजल्यावरचा हॉल, पडद्यावर चित्रं, समोर श्रोते, शेवटी प्रश्न. नियम एकच, पुराव्याशिवाय तोंड उघडायचं नाही. गेल्या वेळी तोफखान्याने केली होती. (तोफखाना म्हणजे आमचे निवृत्त ड्रॉइंग मास्तर. तोफांपलीकडे त्यांना जगात काही दिसत नाही, म्हणून हे नाव.) त्यांनी नुसत्या तोफांच्या चाकांवर लोकांना ताटकळत ठेवलं होतं.

या वेळी सगळ्यांनी एकमुखाने माझं नाव घेतलं. "तुमच्या घरचीच लढाई आहे हो," अध्यक्ष म्हणाले. २३ तारीख ठरली. मी वर वर आढेवेढे घेतले, पण मनातून हरखलो, हे इथे कबूल करायला हरकत नाही. एवढ्या वर्षांत मला एकदाही हॉलमध्ये उभं केलेलं नव्हतं. चष्मेवाला म्हणजे बारीकसारीक बघणारा, मोठं चित्र त्याला काय कळणार, असं त्यांच्यातल्या काहींना वाटतं. आता बघा म्हणावं.

१२ फेब्रुवारी, बुधवार

वहिनी दुकानात आल्या. घरातून दुकान चार पावलांवर, तरी त्या कधी येत नाहीत. गिऱ्हाइकाच्या खुर्चीत ऐसपैस बसल्या आणि म्हणाल्या, "भाऊजी, मला लांबचा चष्मा करून द्या."

मी उडालोच. गेली किती वर्षं त्यांच्या मागे लागलोय. दरवेळी एकच उत्तर, मला लांबचं बघायचंय काय? म्हटलं, "आज सूर्य कुठून उगवला?"

"सिनेमा बघायचाय. तुमच्या दादांचा."

म्हटलं, "वहिनी, काही अर्थ नाही त्यात. सगळा खोटारडेपणा. नदीसुद्धा उलटी वाहते."

"वाहू दे. मला काय तिच्यात कपडे धुवायचेत?"

बऱ्याच विनवण्या केल्या. म्हटलं, त्रास होईल, झोप लागणार नाही. त्या अक्षरांच्या तक्त्याकडे तोंड करून बसून राहिल्या. शेवटी हात टेकले आणि डोळे तपासले. उजवा बराच गेलाय. एवढी वर्षं रस्त्यापलीकडचे चेहरे या बाईला दिसत नव्हते आणि आम्हाला पत्ता नाही. काचा आजच घासून बसवल्या.

१५ फेब्रुवारी, शनिवार

घेऊन गेलो. सगळा वेळ मी पडद्याकडे कमी आणि वहिनींकडेच जास्त पाहत होतो. ते दृश्य आलं. वाटलं, आता रडतील, उठून जातील, काहीतरी होईल. काही झालं नाही. त्या खुर्चीत पुढे सरकल्या, समोरच्या खुर्चीची पाठ धरली आणि टक लावून पाहत राहिल्या. नटाने बायकोचं नाव घेतलं तेव्हा त्यांनी मान हलवली. दुकानात गिऱ्हाइकाला खालची ओळ वाचता आली की हलते ना, तशी.

परतताना मी चुका सांगत होतो. बूट, वायरलेस, आभाळ. वहिनी म्हणाल्या, "सफरचंदं चांगली दिसतायत," आणि थांबून किलोभर घेतली. लांबचा चष्मा लावून घेतलेली पहिली सफरचंदं. भाव करताना हसत होत्या.

जीव भांड्यात पडला. म्हणजे पटलं त्यांना. सिनेमावाल्यांनी खोटं दाखवलं आणि बिचारीला ते खरं वाटलं. बरं झालं, आणि चीडही आली, दोन्ही.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

थिएटरचा दारवान चष्म्याची दांडी मोडली म्हणून दुकानात आला. स्क्रू बसवता बसवता म्हणाला, "तुमच्या वहिनी रोज येतात की दुपारच्या खेळाला."

"रोज?"

"रोज. मध्येच येतात, तो वायरलेसवाला मेला की उठून जातात. मॅनेजरसाहेबांनी सांगितलंय, त्यांच्याकडून तिकिटाचे पैसे घेऊ नका."

मला वाटत होतं, त्या भाजी आणायला जातात. घरी आल्यावर विचारलं तर म्हणाल्या, "पाय मोकळे होतात." सिनेमात बसून पाय मोकळे होतात, हे नवीनच ऐकलं.

पण एक खरं, तब्येत सुधारलीय. दोन वेळ नीट जेवतात. काल भांडी घासताना काहीतरी गुणगुणत होत्या. सकाळी मला उठवावं लागलं त्यांना. वहिनींना मी उठवलं! मला आठवतंय तेव्हापासून त्या पहाटेच्या आधीच जाग्या असतात, अंथरुणावर बसून असतात. आता गाढ झोपतात. वय झालं की लागते म्हणे झोप.

मला वाटतं त्यांना तो नट आवडलाय. म्हातारपणी का होईना. पण तो नट दादासारखा मुळीच नाही. दादाच्या कानाच्या पाळ्या मोठ्या होत्या आणि तो चालताना डावा खांदा पाडायचा. मागच्या खोलीत माझी तीन कपाटं भरून कागद, नकाशे, फोटो आहेत, सगळे दादाच्या लढाईचे. एवढ्या वर्षांत वहिनींनी त्यातलं एक पान उलटून पाहिलेलं नाही. झाडायलासुद्धा त्या खोलीत येत नाहीत. आणि या रंगवलेल्या पोराला बघायला रोज जातात. वाईट वाटलं. खूप वाईट वाटलं.

२० फेब्रुवारी, गुरुवार

तयारी. बूट, काचा, वायरलेस, नदी, आभाळ, सगळ्याची चित्रं लावून झाली. तोफखाना बघायला आले. चहा पीत सगळं पाहिलं आणि म्हणाले, "छान आहे. पण हे कुणीही सांगेल. मांडीवर मरण्याचं दृश्य खोटं आहे, हे दाखव. लोक त्याच्यावरच रडतायत ना? तिथेच घाव घाल. तुझ्याकडे त्या आचाऱ्याचं रेकॉर्डिंग आहे." (त्याबद्दल मीच त्यांना एकदा बोलून बसलो होतो.)

म्हटलं, "वहिनींचं काय?"

"त्या कशाला येतात? आणि नाव नको घेऊस. एक सैनिक म्हण."

ते गेल्यावर रेकॉर्डिंग पुन्हा ऐकलं. तीन वर्षांत ऐकलं नव्हतं, ऐकवत नाही. आचारी या काठावर, त्याच्या पालथ्या घातलेल्या कढईआड अगदी पाण्याच्या कडेला पडून होता. त्याच्याइतकं जवळ दुसरं कोणी नव्हतं. एवढा पक्का साक्षीदार माझ्याजवळ असताना मी बूट आणि काचांवर बोलत बसायचं?

लावू नये असं वाटतं. लावावं असंही वाटतं. माझा भाऊ कसा मेला हे हजारो लोकांना भलतंच दाखवतायत, आणि लोक रडून रुमाल खिशात घालून आइस्क्रीम खायला जातात. दादाच्या वाट्याला खरोखर जे आलं त्यावर एका तरी माणसाने रडायला नको? मी स्वतःलाच विचारतोय.

रात्री जेवताना सहज म्हटलं, "रविवारी माझं भाषण आहे, पण जिने फार आहेत. तुमच्या गुडघ्याला झेपायचं नाही."

वहिनी म्हणाल्या, "नाहीच येत मी. तुमचे बूट आणि बटणं तुम्हालाच लखलाभ."

झालं तर मग. लावतो.

२३ फेब्रुवारी, रविवार

जसं झालं तसं लिहून ठेवतो.

हॉल खचाखच भरला होता. जिन्यातसुद्धा लोक उभे. हिरव्या काचांवर हशा पिकला, नदीवर टाळ्या पडल्या. मी रंगात आलो होतो. माझा आवाज मलाच नवा वाटत होता. मग मी म्हणालो, "आता तुम्ही सगळे ज्याच्यावर रडलात त्या दृश्याकडे वळू."

मी सांगितलं, मांडी नव्हती, मित्र नव्हता, व्हायोलिन नव्हतं. "आणि बायकोचं नाव तर मुळीच नव्हतं. ते सिनेमावाल्यांच्या सोयीचं. त्या रात्री सगळ्यात जवळ जो माणूस होता, त्याच्याच तोंडून ऐका." आणि बटणावर बोट ठेवलं.

तेवढ्यात मागचं दार उघडलं. वहिनी. जिना चढून धाप लागलेली, एक हात दाराला, नाकावर लांबचा चष्मा. कोणीतरी उठून त्यांना खुर्ची दिली.

मी त्यांना पाहिलं. इथे खोटं लिहीत नाही, पाहिलं. बोट उचलता आलं असतं. यंत्र बिघडलं म्हणालो असतो तर कोणाला कळलं असतं? पण सगळा हॉल माझ्याकडे बघत होता, श्वाससुद्धा ऐकू येईल इतका शांत. आयुष्यात माझ्यासाठी इतकी शांतता कधी कोणी धरली नव्हती. मी बटण दाबलं.

आचाऱ्याचा खरखरीत आवाज सगळीकडे भरला. "ते ओरडत होते. सारखं. साहेब, मी आहे अजून. साहेब, सोडून जाऊ नका. नाव नाही, गाव नाही, आई नाही, कोणी नाही. फक्त साहेबांना. आमच्यातले दोघं उठले तर साहेबांनी पिस्तूल काढलं, म्हणाले, कोणी हलायचं नाही. रात्रभर. मग शब्द पण गेले. नुसतं आहे, आहे. उजाडल्यावर थांबलं."

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मग तोफखान्याने सुरुवात केली आणि सगळे उभे राहिले. अध्यक्षांनी मिठी मारली. अशी चिरफाड मंडळात झाली नव्हती म्हणाले. मी मागे पाहिलं तेव्हा खुर्ची रिकामी होती.

घरी आलो तर वहिनी पानं वाढून बसल्या होत्या. "गर्दी चांगली होती," एवढंच म्हणाल्या. भाजीत मीठ नव्हतं, तरी मी दोनदा वाढून घेतली.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

फोनवर फोन. दोन मंडळांची आमंत्रणं आली. काल एका गिऱ्हाइकाने दुकानात माझा हात हातात घेऊन डोळ्यांत पाणी आणलं. मला हवं होतं तेच सगळं होतंय आणि फोन वाजला की उचलावासा वाटत नाही.

वहिनी दुपारी बाहेर पडत नाहीत. कालही नाही, आजही नाही. पहाटे माझे डोळे उघडले तर त्यांच्या खोलीत दिवा होता. अंथरुणावर बसल्या होत्या, पूर्वीसारख्या. मी दारातून विचारलं, "बरं वाटत नाही का?" तर म्हणाल्या, "झोपा तुम्ही."

आज दुकान उघडलं तर काउंटरवर त्यांचा लांबचा चष्मा, पुसून, डबीत घालून ठेवलेला. दुकानाची दुसरी किल्ली घरातच असते. मी घरी घेऊन गेलो. म्हटलं, "वहिनी, हा विसरलात." त्या म्हणाल्या, "विसरले नाही. काचा दुसऱ्या कोणाला होतील."

दुसऱ्या कोणाला कशा होतील? तो नंबर त्यांचाच आहे.

माझ्यावर रागावल्यात, हे उघड आहे. रागवायलाच हवं. एवढी वर्षं मी त्यांच्यापासून लपवलं आणि सांगितलं ते असं, चारचौघांत, ध्वनिवर्धकावर. दादा झटकन गेला असं त्या धरून चालल्या होत्या आणि मी तो पहिल्यापासून रात्रभर मारला. मला माझीच किळस येते आहे.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

दारवान आला होता. "आज शेवटचा दिवस, उद्या दुसरा सिनेमा लागतो. तुमच्या वहिनी दिसल्या नाहीत. साहेब म्हणतात, आजारी आहेत का?"

दुकानाला कुलूप घालून घरी धावलो. "चला वहिनी, शेवटचा खेळ आहे. मी येतो बरोबर. एक शब्द बोलणार नाही, नदीबद्दलसुद्धा नाही."

त्या पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. म्हणाल्या, "तुम्ही जा."

"अहो, तुम्हाला आवडला होता ना?"

त्या म्हणाल्या, "तो तोंड उघडेल आणि मला त्या म्हाताऱ्याचा आवाज ऐकू येईल."

मी पलंगाच्या कडेला बसून राहिलो. खेळाची वेळ निघून गेली. जेवल्या नाहीत. चार दिवसांत केवढ्याशा दिसायला लागल्या आहेत. या बाईला मी मारतोय, असं स्पष्ट वाटलं. काय करू कळत नाही. साक्ष परत कशी घ्यायची? मंडळात कोणी शिकवलं नाही.

२ मार्च, रविवार

मंडळात गेलो नाही. दुपारी वहिनी कशाबशा उठून स्वयंपाकघरात मटार सोलायला बसल्या. मी समोर पाट ओढला आणि मूठभर शेंगा घेतल्या. सगळं ठरवून आलो होतो. म्हटलं, "वहिनी, त्या आचाऱ्याचं वय फार झालं होतं. एका माणसाची साक्ष म्हणजे काही पुरावा नव्हे. त्याच्या डोक्यात दुसऱ्याच कोणाचं मिसळलं असेल. दादा झटकनच गेला असणार."

"नाही गेले झटकन," वहिनी म्हणाल्या. "मला माहीत आहे."

माझ्या हातातली शेंग तशीच राहिली.

"तो अधिकारी आला होता घरी. महिनाभराने. तुम्ही शाळेत होतात. इथेच बसला. मी पाणी दिलं तर पेला हातात धरून बसला, प्यायला नाही. सगळं सांगितलं त्याने. कमरेतली गोळी, होडी, उजाडेपर्यंत. मीच कोणाला जाऊ दिलं नाही म्हणाला. पिस्तुलाचंही सांगितलं."

"आणि तुम्ही मला कधीच..."

"तुम्ही तेरा वर्षांचे, भाऊजी. वहीच्या प्रत्येक पानावर दादाचं चित्र काढत होतात, हातात झेंडा दिलेलं. तुम्हाला काय सांगू? नंतर तुम्ही कपाटं भरायला लागलात. मी त्या खोलीत यायचे नाही, म्हटलं चुकून माझ्या तोंडून निघालं तर."

म्हणजे मी त्यांच्यापासून लपवत होतो आणि त्या माझ्यापासून. माझ्या तीन वर्षांपुढे त्यांची चाळीस. म्हटलं, "मग सिनेमाला का जात होतात? सगळं खोटं आहे हे माहीत असून?"

"माझा नवरा होता तो. तुमच्या बुटांवरून नाही, मला तसंच कळत होतं खोटं आहे ते." त्यांनी शेंग फोडली, दाणे ताटात टाकले. "पण अधिकारी म्हणाला होता, रात्रभर तुमचंच नाव घेत होते. तेवढ्यावर राहिले मी. म्हटलं, ओरडत होते ते खरं, पण मला बोलावत होते. एकटे नव्हते. सिनेमात बाकी काही का दाखवेनात, तेवढं बरोबर दाखवलं. नाव भलत्याच बाईचं, पण घेतात. मग मी यायचे घरी. पहाटे ऐकू यायचं ना, ते बंद झालं होतं."

आणि मी त्या हॉलमध्ये म्हणालो होतो, बायकोचं नाव तर मुळीच नव्हतं. हशा पिकेल असं वाटून म्हणालो होतो.

मी रडलो. सरळ तोंड झाकून रडलो. वहिनींनी रडू दिलं. मग म्हणाल्या, "तो म्हातारा खोटं बोलतोय असं वाटत नाही आवाजावरून."

मी डोळे पुसले.

"पण एक सांगा मला. अधिकाऱ्याने माझं कागदावरचं नाव नव्हतं सांगितलं. तुमचे दादा मला ज्या नावाने हाक मारायचे, ते सांगितलं. ते घरात कोणाला ठाऊक नव्हतं. तुम्हालाही नाही. लोकांत त्यांनी कधी उच्चारलं नाही. पत्राच्या वर तेवढं लिहायचे. पत्रं तरी कसली ती, आधीच फोडून पुन्हा चिकटवलेली, मधल्या ओळींवर काळी शाई फासलेली आणि कोपऱ्यात त्या अधिकाऱ्याची सही." त्यांचे हात थांबले. माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही एवढे इतिहासवाले. तुम्हीच सांगा. त्यांच्या तोंडून ऐकल्याशिवाय त्या माणसाला ते नाव कसं कळलं असेल?"

आघाडीवरून येणारं प्रत्येक पत्र तुकडीचा अधिकारी आधी वाचतो. वर लिहिलेल्या नावापासून ओळन् ओळ वाचतो, नको ते खोडतो आणि सही करतो. त्या सह्यांवर आणि शिक्क्यांवर मी मंडळात छोटं टिपण वाचलं आहे. वहिनींनी आपल्याच तोंडाने सगळं सांगितलं, फोडलेली पाकिटं, काळी शाई, सही, आणि बिचारीच्या लक्षात आलं नाही. त्या वाट पाहत होत्या. इतकी बारीक नजर मी त्यांची कधी पाहिली नव्हती, तीही चष्म्याशिवाय.

"दुसरा मार्गच नाही, वहिनी," मी म्हणालो. "त्याने ऐकलंच असणार. आचारी चुकला."

"नक्की?"

"नक्की. मी सगळे कागद पाहिलेत."

माझं खोटं पचलं. आयुष्यात एवढ्या सफाईने मी कधी बोललो नव्हतो. त्यांनी डोळे मिटले आणि ताट थोडं माझ्याकडे सरकवलं.

"पुन्हा म्हणा," त्या म्हणाल्या.

मी पुन्हा म्हणालो. शेंगा संपेपर्यंत त्या विचारत राहिल्या आणि मी सांगत राहिलो.